मधला दिवस

वडिलांच्या, नानांच्या तिथीच्या दिवशी सकाळी पितांबर मागच्या दाराने घरात आला. गावातून न येता तो नाल्याकडून, कपाशीच्या शेतांतून चालत आला होता, त्यामुळे त्याची पँट गुडघ्यापर्यंत दहिवराने भिजली होती. भिकुबाई चुलीपुढे वडे तळत होती. त्याने बॅग कोपऱ्यात ठेवली, आईच्या पाया पडला आणि थोरल्या भावाच्या, अभिमनच्या धाकट्या मुलीला उचलून कडेवर घेतलं. हे सगळं होऊन गेल्यावर अभिमनला कळलं.

अभिमन पुढच्या ओसरीवर उखर्डू आबांसाठी पाट मांडत होता. नाना गेल्यापासून पहिल्या पानाचा मान त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे आबांचा होता. आतून आईचा हसण्याचा आवाज आला तसा तो उठून गेला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

“कधी उना तू?”

“आत्तेच. धरणगावले उतरनू, तठून पायी.” पितांबर हसला. “नानानी तिथ शे ना.”

“पोरले खाले ठेव.”

“काबर?”

“ठेव खाले.”

पितांबरने मुलीला खाली सोडलं. त्याला कारण कळलं असावं, कारण तो आपण होऊनच दोन पावलं भिंतीकडे सरकला.

तहसीलमधून कागद आला तो पोलीस पाटील म्हणून अभिमननेच सही करून घेतला होता. कोतवालाला बरोबर घेऊन त्याने चौकाचौकात दवंडी दिली होती. सुरतेत प्लेगची साथ आहे. सुरतेहून जो येईल त्याने आल्याबरोबर आरोग्य केंद्राला कळवायचं, माणसांपासून वेगळं राहायचं, वाटेत कोणाकोणाशी गाठ पडली ते सांगायचं. जो लपेल आणि जो लपवेल, दोघांवर साथरोगाच्या कायद्याखाली कारवाई होईल. ‘जो लपवेल’ हे त्याने कोतवालाला मुद्दाम पुन्हा म्हणायला लावलं होतं. गावातली कितीतरी पोरं सुरतेच्या मागांवर होती आणि त्यांच्या आया काय करतील हे त्याला माहीत होतं. आपल्या आईचा विचार त्याच्या मनात आला नव्हता.

“असा काय दखस त्याकडे?” भिकुबाई म्हणाली. “सुरतथीन पोरगा उना, त्याले पाणी तरी दे.”

“माय, दवंडी मीच दिधी.”

आवाज ऐकून आबा आत आले. पितांबरला पाहून त्यांनी आधी मान डोलावली, मग अभिमनच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय चाललंय ते ओळखलं.

“कोनी दखं का त्याले येतांना?” आबांनी विचारलं.

“नही,” पितांबर म्हणाला.

“मंग झालं. घरनी गोट घरमा ऱ्हाऊ दे, अभिमन. धा दिन घरमा बसी तो. कोनले काय समजी?”

“काल नथ्थूना पोरगाले मी शाळानी खोलीमा नेई बसाडं, आबा. त्यानी माय मन्हा मांगे मांगे रडत उनी.”

“नथ्थूना पोरगा नी नानाना पोरगा एक शे का?”

“कागदमा तसंच लिखेल शे.”

आबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. “भाऊनी तिथ, नी भाऊना पोरगाले पोरगाच बाहेर काढस,” ते म्हणाले आणि न जेवता निघून गेले. भिकुबाई त्यांच्यामागे ओसरीपर्यंत धावली. परत आली तेव्हा तिने वड्यांची कढई उतरवून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

अभिमनने कोतवालाला आरोग्य केंद्रात पाठवलं. पितांबर स्वतःच गोठ्यात जाऊन बसला. दरवर्षी गोवरीच्या निखाऱ्यावर दोघे भाऊ मिळून आगारी टाकायचे, खीर आणि वड्याचा घास नानांच्या नावाने. या वेळी अभिमनने एकट्याने टाकली. मान वर केली तर गोठ्याच्या दारातून पितांबर हात जोडून बघत होता.

*

आरोग्यसेवक बन्सीलाल दुपारी लुनावर आला. तोंडाला रुमाल बांधलेला, हँडलला गोळ्यांची पिशवी. अभिमनच्या बायकोने, पुष्पाबाईने मुलांना माडीवर कोंडून ठेवलं होतं. ती जळगावची, शिकलेली, आणि वर्तमानपत्रात आलेलं सगळं तिने वाचलं होतं. पितांबर आला तेव्हापासून तिला दिराचा राग येत होता. धाकटीच्या गालाला त्याने गाल लावला होता, तो गाल तिने साबणाने दोनदा धुतला. आपण हे करतोय हे सासूने पाहिलं, याचंही तिला वाईट वाटत होतं.

बन्सीलालने गोठ्यासमोर, अंतर राखून, खुर्ची मागितली.

“ताप आहे?”

“नाही.”

“खोकला? छातीत दुखतं? काखेत, जांघेत गाठ?”

“नाही हो.”

“खोलीत किती जण राहत होता?”

पितांबरने सांगितलं. खोलीतली माणसं कोण, कुठली, कुठे गेली. कारखाना केव्हा बंद झाला. गाडीत शेजारी कोण होतं. सरळ, न अडखळता सांगितलं. पुष्पाबाई ओट्यावरून ऐकत होती.

“सुरतेहून निघालात कधी?”

“परवा सकाळी.”

“पॅसेंजरनेच?”

“हो.”

“परवाची पॅसेंजर परवाच धरणगावला लागली असेल,” पुष्पाबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते सहज निघून गेलं. “मग काल कुठे होतात, भाऊजी?”

बन्सीलालने पुष्पाबाईकडे पाहिलं, मग पितांबरकडे.

“गर्दी होती फार. नंदुरबारला उतरलो. फलाटावर पडून राहिलो.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

पुष्पाबाईने त्याच्या शर्टाकडे पाहिलं. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट होता. फलाटावर दिवस काढलेल्या माणसाचा तो नव्हता.

बन्सीलालने रुमाल जरा खाली ओढला. “हे बघा भाऊ, मी काही पोलीस नाही. खोटं सांगितलं तर गुन्हा आहे, ते तुमच्या भावाने दवंडीत सांगितलंय, मी परत सांगत नाही. मी दुसरं सांगतो. हा रोग छातीत गेला की श्वासातून दुसऱ्याला होतो. ज्याला होतो त्याला गोळी वेळेवर मिळाली तर तो वाचतो. आणि ज्याचं नाव आम्हाला माहीत नाही, त्याला गोळी मिळत नाही. एवढंच आहे ते.”

“फलाटावर होतो,” पितांबर म्हणाला.

शाळेच्या खोलीत जागा उरली नव्हती. अभिमनच्या शब्दावर बन्सीलालने पितांबरला मळ्यातल्या खोलीत राहू द्यायचं कबूल केलं. घरातल्या कोणीही घर सोडायचं नाही, आबांनी त्यांच्या घरात राहायचं, डबा एकट्या माणसाने नेऊन बांधावर ठेवायचा आणि लगेच मागे फिरायचं. पितांबरने बॅग उचलली. भिकुबाई काही म्हणेल म्हणून तो थोडा थांबला, पण ती भिंतीकडे तोंड करून बसली होती ती तशीच बसून राहिली.

*

मळ्यातली खोली मोटारीची होती. एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला खाट आणि खताच्या रिकाम्या गोण्या. बाहेर कपाशीला बोंडं लागली होती. लांबून पाहिलं तर रस्त्याने जाणारी माणसं दिसायची, पण मळ्याशी आली की ती पलीकडच्या कडेने चालायची. ओळखीचा एक जण थांबला, हात वर केला आणि जवळ न येताच निघून गेला.

सुरतेत पितांबरला एकटं राहायची सवय नव्हती. एका खोलीत इतकी माणसं असायची की झोपेत कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागे. तरी तिथे त्याचं कोणी नव्हतं. गावात दिवाळीला यायचा तेव्हा आबा दरवेळी म्हणायचे, या वर्षी लग्न उरकून टाकू. पण बहीण बेबी घरातून गेली त्यानंतर या घरात कोणी मुलगी दिली नाही. पाहायला आलेले लोक चहा पिऊन जायचे आणि पुन्हा निरोप यायचा नाही. बेबीवर रागवायचा सगळ्यात जास्त हक्क त्याचाच होता.

ती गेली ती धरणगावच्या जिनिंगवर काम करणाऱ्या रुपचंदबरोबर. तो आपल्यातला नव्हता. नानांनी नाल्यावर जाऊन तिच्या नावाने अंघोळ केली आणि घरी येऊन सांगितलं, पोरगी वारली. त्यानंतर गावाच्या लेखी ती नव्हती. पितांबरला ती दोंडाईच्याच्या फलाटावर दिसली होती, गाडी उभी असताना, पाण्याची घागर घेऊन. तो उतरला. तेव्हापासून सुरतेहून येताना तो दरवेळी दोंडाईच्याला उतरायचा.

या वेळी ती म्हणाली होती, उद्याचा दिवस राहा, शर्ट धुऊन देते. तो राहिला. तिचं रांगणारं पोर दुपारभर त्याच्या छातीवर झोपलं होतं, तोंड त्याच्या मानेशी लावून.

मळ्यात आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला थंडी वाजून आली. गोण्या अंगावर ओढून तो पडला. ताप चढला तसा त्याला पोराचा तो श्वास मानेवर जाणवायला लागला आणि मग दुसरं काही सुचेना.

पुष्पाबाई डबा घेऊन आली तेव्हा तो भिंतीला धरून दारात उभा होता.

“वहिनी, थांबा.”

ती बांधावरच थांबली. त्याचा चेहरा पाहून तिने पदर तोंडावर घेतला.

“ताप आलाय?”

“आलाय. ते राहू द्या. मी नंदुरबारला नव्हतो. दोंडाईच्याला होतो. बेबीकडे. दरवेळी येताना उतरतो.”

पुष्पाबाई नवी सून म्हणून आली तेव्हा पहिलं वर्ष बेबी तिच्याच खोलीत झोपायची. तिची वेणी पुष्पाबाई घालून द्यायची.

“कोण कोण आहे तिकडे?” तिने विचारलं.

“रुपचंद मापाडी आहे तिथे, बाजाराच्या मागे, मिरचीच्या वखारीजवळ. ती, तो आणि पोरगा.”

“केवढा?”

“रांगतो.”

पुष्पाबाईने डबा बांधावर ठेवला आणि झपाझप चालत परत गेली. इतका वेळ ती मुलांसाठी घाबरली होती. चालताना तिच्या लक्षात आलं की आपण अजून घाबरलेलोच आहोत, फक्त मूल दुसरं आहे.

*

तिने घरात शिरताच सांगितलं. अभिमन ओसरीवर बसला होता. आबा बंदी असतानाही गल्लीच्या पलीकडे आपल्या घराच्या ओट्यावर येऊन बसले होते. कालचा राग होता, तरी आत त्यांना करमलं नव्हतं. भिकुबाई आत तांदूळ निवडत होती.

“बन्सीलाल येईल आता,” अभिमन म्हणाला. “पितांबरला ताप आहे एवढं सांगतो. दोंडाईच्याला गोळ्या कशा पोचवता येतील ते बघू. गुपचूप.”

“गुपचूप कोण नेणार? आपण सगळे घरात. आबाही.”

“पुष्पा, तिचं नाव मी सांगायचं? पोलीस पाटलाने? नानांनी तिच्या नावाने अंघोळ केली.”

“बाळाच्या नावाने नाही केली.”

“सरकारी जीप जाईल तिच्या दारात. गल्ली बघेल. तिचं तरी काय भलं होणार त्यात?”

हे खरं आहे, हे पुष्पाबाईला कळत होतं. ती म्हणाली, “नथ्थूच्या पोराने नावं सांगितली तेव्हा त्या माणसांच्या गल्ल्या नव्हत्या का?”

“काय म्हनस ती?” आबांनी पलीकडून विचारलं. अभिमनने सांगितलं. आबा उठून उभे राहिले. “त्या पोरनं नाव या घरमा, पितरसमा? आठोडा निघू दे. ताप उतरी जाई, बठ्ठं दबी जाई.”

“आणि नाही उतरला तर?” पुष्पाबाई म्हणाली. आबांशी ती पहिल्यांदाच अशी समोरासमोर बोलली होती.

भिकुबाई दारात आली होती. तिच्या हातात सूप तसंच होतं.

“कितला साल जास तो तठे?” तिने विचारलं.

“पहिल्यापासून, असं वाटतं,” पुष्पाबाई म्हणाली. “दरवेळी येताना.”

“दर दिवाळीले मन्हा समोर बसीसन जेवना. तिना हातनं जेवीसन येल, नी मन्हा समोर बसना.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी त्याले विचारू, गाडीले गर्दी व्हती का. तो म्हने, व्हती, माय.”

तिने सूप कमरेवर टेकवलं.

“मरेल पोरनी माय ऱ्हायनू मी,” ती म्हणाली. “नी तो तिना घर चहा पीत व्हता.” ती आत गेली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

अभिमनला वाटलं होतं आई रडेल, बेबीला गोळ्या द्या म्हणेल, किंवा नानांची आठवण काढेल. यातलं काही झालं असतं तर त्याला त्यामागे जाता आलं असतं. आता जे करायचं ते त्याचं त्यालाच करायचं होतं. लुनाचा आवाज आला तसा तो उठून ओट्याच्या कडेला गेला. आबा समोर उभेच होते.

“माझ्या भावाने काल खोटं सांगितलं,” तो बन्सीलालला म्हणाला. “त्याला ताप आलाय. आणि तो दोंडाईच्याला राहिला होता, बाजाराच्या मागे, मिरचीच्या वखारीजवळ. रुपचंद मापाडी म्हणून विचारलं की घर दाखवतील. घरात तान्हं पोर आहे. बाईचं नाव बेबाबाई.” तो थांबला. “माझी बहीण आहे.”

बन्सीलाल या भागात नवा होता. त्याने नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, “धुळे जिल्हा लागतो तो. मी केंद्रातून फोन लावतो.” त्याला त्यात आणखी काही दिसलं नाही. आबा पाठ फिरवून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

*

मग वाट बघण्याचे दिवस आले. बन्सीलालने पितांबरचं रक्त नेलं आणि मलेरिया निघाला असं सांगितलं; दुसरा रिपोर्ट पुण्याहून यायचा होता, तोवर मळा सोडायचा नव्हता. ताप उतरला. पुष्पाबाई डबा ठेवून यायची, आणि आता ती बांधावर थोडी थांबायची. भिकुबाई त्याच्यासाठी भाकरी करायची, पण त्याच्याविषयी विचारायची नाही. अभिमनशीही ती बोलत नव्हती. नेमकी कोणत्या गोष्टीसाठी, हे त्याला कळत नव्हतं.

दोंडाईच्याची बातमी बन्सीलालनेच आणली. अभिमनने त्याला ओट्याखाली उभं करून विचारलं, आणि आत भिकुबाईचं सूप थांबलं.

“जीप गेली होती,” बन्सीलाल म्हणाला. “पोराला ताप होता, म्हणून मायलेकरांना धुळ्याला नेलं, सरकारी दवाखान्यात. वेगळ्या वॉर्डात आहेत. पोराचा ताप उतरलाय, दूध पितंय. बाईंना काही झालेलं नाही. नवऱ्याला घरात ठेवलंय. बाजारातल्यांनी त्याला सांगितलं म्हणे, परत येऊच नको.”

“तिच्याजवळ कोण आहे?”

“कोणाला जाऊ देत नाहीत. तरी भेटायला कोणी येणार का, असं तिथले लोक विचारतात. जवळचं माणूस कोण, माहेर कुठलं. निरोप द्यायला लागतो ना काही झालं तर.” त्याने जरा अवघडून रुमाल सारखा केला. “बाईंनी सांगितलं, माहेर नाही.”

अभिमनने ओट्याच्या खांबाला हात लावला. “ते दुरुस्त करा,” तो म्हणाला. “हे गाव घाला. माझं नाव घाला.”

“ते धुळ्याचं काम आहे, पाटील. मी इथून काय दुरुस्त करणार? आणि बाई स्वतः तसं म्हणतात.” बन्सीलालने लुना चालू केली. “तुमची बंदी उठली की तुम्हीच जाऊन सांगा.”

तो गेल्यावर अभिमन तिथेच बसला. धुळ्याला जाऊन वॉर्डाच्या दाराशी आपण काय बोलू, याचा तो विचार करू लागला, आणि पहिलं वाक्यही त्याला सापडेना.

भिकुबाई मागच्या दाराने बाहेर पडली होती. पुष्पाबाईने तिला पाहिलं आणि अडवलं नाही. उन्हं तिरपी झाली होती. कपाशीच्या सऱ्यांमधून म्हातारी हळूहळू चालत मळ्यापर्यंत गेली आणि डबा ठेवायच्या जागी, बांधावर बसली. पितांबर खोलीतून बाहेर आला.

“माय, तू काबर उनी? बंदी शे.”

“मी आठेच बसस. तू तठूनच बोल.”

तो दाराच्या दगडावर बसला. दोघांमध्ये कपाशीचं रान होतं. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागणार होतं.

“पोरगानं नाव काय शे?”

“दगडू. पहिला एक वाचना नही, म्हनीसन दगडू.”

पहिला एक होता, हेही भिकुबाईला आजच कळत होतं.

“घर कसं शे तिनं?”

त्याने सांगितलं. एकच खोली, वर पत्रा, पुढे पडवी. पडवीत चूल. मिरचीचा खकाणा उडतो म्हणून ती दाराला ओलं फडकं लावते. भाकरी तुझ्यासारखीच पातळ थापते. केस फार गळले आहेत. हसते तेव्हा तोंडावर हात घेते, कारण पुढचा एक दात नाही. तो एकेक आठवून सांगत गेला. इतक्या वर्षांत हे कोणाला सांगता आलं नव्हतं, त्यामुळे एकदा सुरू झाल्यावर ते मागचं पुढचं होऊन येत राहिलं. भिकुबाई मध्ये मध्ये विचारत होती. सरपण कोण आणतं. बाळंतपणात कोण होतं. कोणी नव्हतं, शेजारची एक म्हातारी होती.

मग तिने विचारलं, “मन्ही याद काढस का ती?”

पितांबरने रानाकडे पाहिलं. खोटं सांगायला सोपं होतं, आणि इतक्या लांबून तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांना त्याचा चेहरा दिसला नसता.

“नही, माय,” तो म्हणाला. “मी घरनी गोट काढी का ती उठीसन भांडा घासाले जास.”

भिकुबाईने मान हलवली. पदराने तोंड पुसलं, पाय जरा लांब केले आणि गुडघ्यावर हात ठेवून नीट बसली.

“मंग?” ती म्हणाली. “पुढे सांग.”